देणें चुकविणें

गेल्या माघांत माझ्या भाच्यासाठीं मुलगी पाहावयास आम्ही चारपांच मंडळी अकोल्यास गेलों होतों. मुलीकडचीं माणसें सुशिक्षित, घर जुनें व भरलेलें. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वजण एका छपराखालीं नांदणारे. चहापाणी आटोपल्यावर मुलीच्या आत्याबाईंनीं विचारलें, "मुलगा करतो काय?" भाचा सरळ स्वभावाचा. तो म्हणाला, "सात दुकानांची एक पेढी आहे अमरावतीस, तेथें देणीं देण्याच्या विभागांत मी काम करतों." क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग आत्याबाई म्हणाल्या, "म्हणजे पैसा आणणाऱ्यांत नव्हे, पैसा घालविणाऱ्यांत!" सारे हंसले, मुलगीही हंसली, आणि भाच्याचे कान लाल झाले.

हंसण्यांत मीही सामील झालों खरा. परंतु मनांतून थोडा खट्टू झालों. कारण भाच्याला तेथें चिकटविणारा मीच, आणि त्याच विभागांत त्याच टेबलाशीं माझीं सव्वीस वर्षें गेलीं आहेत. विक्रीवर असणाऱ्या माणसाला दिवाळींत बक्षीस मिळतें, वसुली करणाऱ्याचें मालक कौतुक करितात. देणीं देणाऱ्याची आठवण मात्र कांहीं तरी चुकलें म्हणजेच होते. तें लग्न जमलें कीं नाहीं हा आजचा विषय नव्हे. बोलणें अद्याप चालू आहे. परंतु आत्याबाईंच्या त्या प्रश्नाला त्या दिवशीं कोणींच नीट उत्तर दिलें नाहीं, तें येथें द्यावें असें मनांत आहे.

आपल्या भाषेंत 'देणें चुकविणें' याचे दोन अर्थ होतात. एक देणें फेडून टाकणें, व दुसरा देणें टाळणें. ज्या कोणीं हा शब्द प्रथम दोन्ही अर्थांनीं वापरला त्याला व्यापारी पेढीचा चांगला अनुभव असला पाहिजे. आमच्या विभागाचें सारें काम या दोन अर्थांच्या मधल्या जागेंत चालतें.

आमच्या दुकानांत कापड, तयार कपडे, किराणा, भांडीं, गाद्या असा घरसंसाराला लागणारा बहुतेक माल मिळतो. दोन दुकानें अमरावतीस, दोन अकोल्यास, आणि मूर्तिजापूर, दर्यापूर व परतवाडा येथें एकेक. माल सातही ठिकाणीं उतरतो. परंतु पैसे सुटतात ते एकाच ठिकाणाहून, म्हणजे अमरावतीहून. आतां कोणाचेंही बीजक आलें कीं लगेच पैसे द्यावे असें होत नाहीं. आम्हांला तीन कागद लागतात. पहिला मागणीपत्र: अमुक माल, अमुक नग, अमुक भाव, असें आम्हींच लिहून दिलेलें. दुसरा माल पोंचल्याची नोंद: ज्या दुकानीं माल उतरला तेथील गोदामवाल्यानें मोजून लिहिलेली. तिसरें व्यापाऱ्याचें बीजक. तिन्हींचे आंकडे जुळले तर बीजक मंजूर होतें आणि त्याची मुदत मोजावयास लागते. जुळले नाहींत तर तें एका टोपलींत जाऊन पडतें. हल्लीं ती टोपली संगणकांत असते एवढाच फरक. पूर्वीं ती खरोखरीची वेताची होती, आणि तिच्या तळाशीं काय आहे हें दिवाळीच्या साफसफाईशिवाय कोणास कळत नसे.

नवा मुलगा कामावर आला कीं त्याचा पहिला गोंधळ ठरलेला असतो. तो विचारतो, "काका, ज्याला आपण पैसे द्यावयाचे त्याचें नांव जमेच्या बाजूस कसें? तें तर आपलें देणें आहे!" मग त्याला समजावून सांगावें लागतें कीं, त्यानें माल दिला, म्हणून तो आपल्या वहींत जमा झाला, पैसे देऊं तेव्हां ते त्याच्या नांवें पडतील. दुहेरी नोंदीची ही पद्धत लुका पाचोली नांवाच्या इटालियन गणितज्ञ साधूनें १४९४ सालीं व्हेनिस येथें छापलेल्या आपल्या ग्रंथांत नीट मांडली. तिथले व्यापारी ती त्याच्या आधींपासून वापरीत होतेच. जमाखर्चाचा धाक आपल्याकडे त्याहूनही जुना आहे. कौटिल्यानें अक्षपटलाच्या प्रकरणांत हिशेबनिसांनीं आषाढांत वर्षाचे हिशेब घेऊन हजर व्हावें असें सांगितलें आहे. आमचा आषाढ म्हणजे मार्च.

कायद्याच्या भाषेंत ज्याचें येणें असतें तो धनको आणि ज्यानें द्यावयाचें तो ऋणको. शब्द ऐकून वाटतें कीं धनको म्हणजे कोणी तोऱ्यांत लोडाशीं टेकून बसलेला गृहस्थ असेल. मी पाहिलेले पुष्कळसे धनको आमच्या कचेरीच्या बाहेरच्या बाकावर, चपला कडेला काढून, हातांत कागदांची पिशवी धरून बसलेले असतात. आणि ऋणको आंत वातानुकूल खोलींत बसतो.

मी १९९८ सालीं कामास लागलों तेव्हां अकोल्याचीं बीजकें एस. टी. च्या गाडीनें येत. सायंकाळीं आमचा शिपाई बसस्थानकावर जाऊन पुडकें घेऊन येई. पुढें टॅली आली, मग इंटरनेट आलें, आणि नोंद क्षणांत इकडची तिकडे होऊं लागली. जून २०२२ मध्यें अमरावती आणि अकोला यांच्या दरम्यान महामार्गावर ७५ किलोमीटर लांब डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड काम करून टाकला गेला, आणि गिनेसच्या विक्रमांत त्याची नोंद झाली. पांच दिवसांच्या आंत रस्ता झाला. त्याच रस्त्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, माल पोंचल्याची एक चिठ्ठी यावयास मात्र अजूनही कधीं कधीं तीन आठवडे लागतात. कारण ती विजेच्या तारेंत अडत नसून माणसाच्या आळसांत अडते.

उधारीचा व्यवहार वऱ्हाडांत नवा नाहीं. अमेरिकेंत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध चाललें, कापसाचे भाव भडकले; त्याच सुमारास रेल्वे वऱ्हाड ओलांडून १८६७ सालीं नागपुरास पोंचली; आणि खामगांव, अकोला, अमरावती येथें मुंबईच्या व परदेशी पेढ्यांचे अडते येऊन बसले. कारंज्यास १८८६ सालीं कापसाचा नियमबद्ध बाजार झाला व १८९७ सालीं वऱ्हाडांतील कापूस व धान्य बाजारांसाठीं कायदाच झाला. या व्यवहारांत पैसा हुंडीनें फिरे. दर्शनी हुंडी दाखवितांच पटवावयाची, मुदती हुंडी मुदत भरल्यावर. मुदतीच्या दिवशीं हुंडी पटली नाहीं तर सूर्यास्तापर्यंत ती बातमी साऱ्या बाजारांत जाई, व त्या पेढीची पत दुसऱ्या दिवशीं पूर्वीची राहत नसे. हुंडी हरवली तर तिच्याबद्दल पेठ लिहून देत. पेठही हरवली तर परपेठ. आणि आधींची पटली नसेल तरच ही पटवावी असें तींत बजावलेलें असे. एकच रक्कम दोनदां जाऊं नये ही चिंता संगणकाहून फार जुनी आहे, हें सांगण्यासाठीं हा सारा पाल्हाळ. कारण आतां जी गोष्ट सांगणार आहें तींत माझ्या सहीनें एकच रक्कम दोनदां गेली.

सुरतेच्या एका मोठ्या व्यापाऱ्याकडून साड्यांचे गठ्ठे आले. अर्धे अमरावतीस उतरले, अर्धे अकोल्यास. बीजक एकच, ३,८४,६०० रुपयांचें. परंतु त्याची प्रत दोन्हीकडे गेली. अमरावतीच्या मुलानें क्रमांक लिहितांना पुढें अक्षर व आडवी रेघ घातली, अकोल्याच्यानें नुसता आंकडा लिहिला. यंत्राच्या दृष्टीनें दोन निराळीं बीजकें झालीं. मोठा व्यापारी, वेळेवर पैसे मिळाले नाहींत तर पुढचा माल रोखणारा. म्हणून त्याचीं बीजकें नेहमींच वर काढलीं जात. अकरा दिवसांच्या अंतरानें दोन्ही रकमा गेल्या. दोन्ही कागदांवर माझी मंजुरी होती. व्यापाऱ्यानें कांहीं कळविलें नाहीं. त्याला कळलें नसेल असें मी म्हणणार नाहीं.

चूक सांपडली ती वस्तु व सेवा कराच्या यादीमुळें. हा कर १ जुलै २०१७ पासून आला; त्यांत विकणाऱ्यानें आपलें विवरणपत्र भरलें म्हणजे त्याचें बीजक आमच्या नांवावरच्या यादींत सरकारी संकेतस्थळावर उमटतें, आणि तेथें उमटलेल्याच बीजकावर कराची वजावट मिळते. मार्च २०२४ मध्यें वर्षअखेरची जुळणी करीत असतां दिसलें कीं यादींत बीजक एक, आमच्या वहींत दोन. मी पुन्हां पुन्हां पाहिलें. मग पाणी प्यालों आणि मालकांकडे जावयास उठलों. पण त्या दिवशीं गेलों नाहीं. कां गेलों नाहीं हें कळण्यास त्याच आठवड्यांतली दुसरी गोष्ट सांगितली पाहिजे.

अकोल्यास एक बाई शाळेचे गणवेश शिवून देते. घरांत तीन यंत्रें. ती, तिची जाऊ आणि शेजारची एक मुलगी. आपल्याकडे विदर्भांत उन्हामुळें शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस भरतात. म्हणून गणवेश शिवण्याचे दिवस म्हणजे एप्रिल व मे, जेव्हां अकोल्यांत पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो व दुपारीं पत्र्याखालीं बसवत नाहीं. २०२३ सालीं तिला सहाशें सदऱ्यांचें मागणीपत्र दिलें होतें. तिनें जूनमध्यें ५८८ सदरे अकोल्याच्या दुकानीं पोंचविले. बारा सदऱ्यांचें कापड डागी निघालें म्हणून ते शिवले नाहींत, असें तिनें तोंडीं सांगितलें. बीजक ५८८ सदऱ्यांचेंच, प्रत्येकीं १४५ रुपये भावानें ८५,२६० रुपयांचें. गोदामवाल्यानें विचार केला कीं बारा आले म्हणजे एकदमच नोंद करूं. ते बारा कधींच येणार नव्हते. म्हणजे १,७४० रुपयांचा माल आला नाहीं, म्हणून आलेल्या मालाचे ८५,२६० रुपये टोपलींत पडले. सदरे मात्र जुलै संपण्यापूर्वींच विकले गेले होते.

आश्विनांत ती अमरावतीस आली. गाडीनें बडनेऱ्यास उतरून, तेथून रिक्षानें. बाकावर बसली होती. मी बाहेर येतांच उभी राहून म्हणाली, "भाऊ, आमचं बिल काऊन अटकलं जी?" मी यादी पाहिली आणि नेहमींचें उत्तर दिलें, "अकोल्याहून माल पोंचल्याची नोंद अजून आलेली नाहीं." ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मी तर अकोल्याहूनच आलो जी."

माझ्याजवळ यावर उत्तर नव्हतें. मी तिला चहा पाजला, अकोल्यास फोन करितों म्हणालों, केलाही. गोदामवाला रजेवर होता. दिवाळी आली आणि गेली.

येथें कायद्याचें थोडें सांगणें अवश्य आहे, कारण आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं कोणी ना कोणी लहानसा उद्योग चालवीत असेल. २००६ सालीं केंद्र सरकारनें सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या विकासाचा कायदा केला. त्यांत सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे केव्हां द्यावे हें ठरवून दिलें आहे: लेखी करार असेल तर करारांतील मुदत, पण ती ४५ दिवसांपलीकडे नाहीं, करार नसेल तर १५ दिवस. मालाबद्दल तक्रार असेल तर ती माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी कळवावी. न कळविल्यास माल मिळाला तोच दिवस स्वीकाराचा धरला जातो. म्हणजे गोदामवाल्यानें नोंद केली नाहीं म्हणून कायद्याचें घड्याळ थांबत नाहीं. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दरानें, महिन्यामहिन्यास चढणारें चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठीं राज्यांत परिषदा आहेत, २०१७ पासून संकेतस्थळावरूनही अर्ज करितां येतो. इतकें सगळें असून सव्वीस वर्षांत आमच्यावर असा एकही अर्ज झाला नाहीं. कारण उघड आहे. अर्ज करणारा आपलें व्याज मिळवील, आणि पुढच्या वर्षाचें काम घालवील.

मग २०२३ च्या वित्त अधिनियमानें प्राप्तिकराच्या बाजूनें कळ दाबली. १ एप्रिल २०२४ पासून अमलांत आलेल्या त्या तरतुदीचा परिणाम असा कीं, अशा लहान उत्पादकाचें देणें कायद्याच्या मुदतीबाहेर थकलें तर तो खर्च, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षींच धरला जावयाचा. तोंपर्यंत ती रक्कम नफा समजून तिच्यावर कर भरावा लागावयाचा. आणि ही मोजणी २०२३-२४ या वर्षापासूनच. व्याजाची भीति ज्यांना वीस वर्षें वाटली नाहीं त्यांना कराची एका महिन्यांत वाटली. मार्च २०२४ मध्यें बाजारांतल्या प्रत्येक कचेरींत एकच धांदल होती: आपल्या यादींत लहान कोण, मोठा कोण, आणि कोणाची नोंदणी आहे. नुसता माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याला हें संरक्षण नाहीं, तें तयार करणाऱ्याला व सेवा देणाऱ्याला आहे; आणि त्यानेंही उद्यम नोंदणी केलेली असली पाहिजे. (१ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा अडीच कोटींची गुंतवणूक व दहा कोटींची उलाढाल अशी वाढविली आहे. तीन यंत्रांची बाई आणि दहा कोटींचा कारखानदार एकाच पंक्तीस बसविण्यांत काय हंशील, हें मला अद्याप समजलेलें नाहीं.)

आमचे मालक वाईट गृहस्थ नव्हेत. त्यांनाही बँकेचें कर्ज आहे, भाडें आहे, सात ठिकाणचे पगार आहेत, आणि गिऱ्हाइकांतले निम्मे ओळखीचे म्हणून 'मांडून ठेवा' म्हणणारे. परंतु त्या मार्चमध्यें कोणी तरी त्यांना एक युक्ति सुचविली. ते मला म्हणाले, "आपल्याकडे असे अकरा लहान पुरवठादार आहेत. त्यांना फोन करा आणि सांगा, उद्यम नोंदणी रद्द करून घ्या, नाहीं तर पुढें काम देतां येणार नाहीं." बाजारांत इतरही हेंच करीत होते. मी 'बरें' म्हणालों. हा शब्द मी सव्वीस वर्षांत फार वेळां उच्चारला आहे.

दोन फोन केले. पहिला मूर्तिजापूरच्या गाद्या करणाऱ्यास. त्यानें कारण विचारलें नाहीं, ठीक आहे म्हणाला. दुसरा त्या बाईस. तिचे नऊ महिन्यांचे पैसे आम्हांकडे थकलेले असतां तिच्या हातांतली काठीही काढून घेण्यासाठीं मी तिला फोन करीत होतों, हें आंकडे दाबतांना मला ठाऊक होतें. ती म्हणाली, "करतो जी रद्द. पण काम बंद नका करू." तिसरा फोन माझ्यानें झाला नाहीं. मी यादी उलटी घालून ठेवली व घरीं गेलों.

रात्रीं जेवतांना सौभाग्यवतीनें सहज विचारलें कीं आज इतके गप्प कां. मीं सांगितलें. आमच्या मातुःश्री पलीकडे बसल्या होत्या; वय नव्वदीच्या घरांत, पण कान तिखट. त्या म्हणाल्या, "आपल्याकडे धुणेंवालीचा महिना झाला. दिला का कोणीं?" कोणींच दिला नव्हता. थोरल्या सूनबाईंना वाटलें धाकटीनें दिला, धाकटीला वाटलें थोरलीनें. वाण्याचें बिल मात्र पांच तारखेसच गेलें होतें, कारण तो माणूस पाठवितो. मोठ्या कुटुंबांत आणि सात दुकानांच्या पेढींत हें अगदीं सारखें असतें. माल एकजण घेतो, वही दुसऱ्याजवळ, पैसे तिसऱ्याजवळ, आणि तिघांचाही समज असा कीं बाकीच्या दोघांचें लक्ष आहे.

दुसऱ्या दिवशीं मी एका कागदावर दोनच आंकडे लिहिले. सुरतेस दोनदां गेलेली रक्कम ३,८४,६००. अकरा लहान पुरवठादारांचें एकूण थकलेलें देणें २,९१,०००. तो कागद मालकांपुढें ठेवला आणि वरच्या आंकड्याची हकीकत प्रथम सांगितली. ते चांगलेच तापले, आणि तापावयास त्यांना अधिकार होता. मी ऐकून घेतलें. मग त्यांचें लक्ष खालच्या आंकड्याकडे गेलें. "हें काय?" मी म्हणालों, "जे पैसे आपल्याजवळ नाहींत म्हणून आपण या अकरा जणांचे ठेवले, त्याहून अधिक पैसे सुरतेस उगीच पडून आहेत." ते बराच वेळ बोलले नाहींत. नंतर विचारलें, "यांचे ३१ च्या आंत दिले तर?" मी म्हणालों, "तर या वर्षाचा खर्च याच वर्षीं धरला जाईल, आणि नोंदणी रद्द करवण्याची गरजच नाहीं." मालकांनीं सही केली. पुण्याचा विचार त्यांच्या मनांत आला असेल वा नसेल, कराचा निश्चित आला. मला दोन्ही सारखेंच होतें.

अकरांच्या खात्यांत पैसे ३० मार्चपूर्वीं गेले. हल्लीं बँकांचा पैसा रात्रीं व सुटीच्या दिवशींही जातो, त्याचा उपयोग झाला. व्याज कोणासही दिलें नाहीं, कोणीं मागितलेंही नाहीं. बाईस मी त्याच दुपारीं फोन करून नोंदणी रद्द करूं नका म्हणून सांगितलें. तिनें अजून केली नव्हती. मूर्तिजापूरच्या गृहस्थानें मात्र आदल्या सायंकाळींच आपल्या हिशेबनिसाकडून ती रद्द करून घेतली होती. त्यानें ती पुन्हां केली नाहीं. मी दोनदां सांगितलें; तो म्हणतो, "राहूं द्या, तुम्ही एकदां रद्द करा म्हणतां, एकदां करा म्हणतां." सुरतेची रक्कम पुढच्या मालांत वळती झाली, त्यास पांच महिने लागले.

त्यानंतर आमच्या कामांत कांहीं बदल झाले. बीजकाचा क्रमांक ज्या रीतीनें छापला असेल त्याच रीतीनें उतरावयाचा. रक्कम व तारीख सारखी दिसली तर यंत्रानें अडवावयाचें. आलेल्या मालाची नोंद त्याच दिवशीं, जेवढे नग आले तेवढ्यांचीच. कमी पडले त्यांचा विचार नंतर. आणि कोणाचें 'आमचें बँकेचें खातें बदललें' असें पत्र आलें तर त्या पत्रावर छापलेल्या क्रमांकास नव्हे, आपल्या जुन्या वहींतल्या क्रमांकास फोन करून खात्री करावयाची. हें शेवटचें घरच्या व्यवहारांतही ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. अशा पत्रांनीं भल्याभल्यांचे पैसे भलत्याच खात्यांत गेले आहेत. २०२५ च्या एप्रिलपासून मोठी रक्कम पाठविण्यापूर्वीं घेणाऱ्याचें नांव दाखविण्याची सोय बँकांनीं केली आहे, तिचा उपयोग करावा. नांव वाचावें मात्र. पुष्कळजण न वाचतांच पुढें जातात.

हे बदल भाच्यानेंच पुष्कळसे केले. आत्याबाईंना तें सांगावयाचें राहून गेलें.

गेल्या वर्षीं गणवेशाच्या बीजकाचे पैसे त्या बाईस अडतिसाव्या दिवशीं गेले. त्याच दिवशीं दुपारीं तिचा फोन आला. मला वाटलें कीं रक्कम कमी गेली असावी. ती म्हणाली, "पैसे आले जी खात्यात. चुकून तं नाही ना आले?" मी वही उघडून पाहिली आणि सांगितलें कीं नाहीं, बरोबर आहेत.

या वर्षीं प्रजासत्ताकदिनासाठीं तिनें पांढऱ्या गणवेशांचे दीडशें जोड दिले आहेत. आज त्या बीजकाचा तेहेतिसावा दिवस. अकोल्याची नोंद अजून आलेली नाहीं. गोदामवाला नवीन आहे आणि फोन उचलीत नाहीं. सोमवारीं सकाळीं बडनेऱ्यास गाडी धरून मी स्वतः जाणार आहें.